उमेदवाराची पर्यावरणाबाबतची भूमिका: जाहीरनामा मिटून ठेवा आणि हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. निवडणुकीला उभा असलेला उमेदवार 'पर्यावरणपूरक विकास', 'हवामानबदलाशी लढा', 'लाखो झाडं' असं सगळं बोलतो. प्रदूषणाच्या कायद्यांबाबत तो खरोखर कोणत्या बाजूला आहे, हे सामान्य मतदाराने कसं ताडून पाहायचं?

'मी पर्यावरणाच्या विरोधात आहे' असं सांगणारा उमेदवार तुम्हाला भेटणार नाही, त्यामुळे जाहीरनाम्यातली विशेषणं वाचून हाती काही लागत नाही. बाजू कळते ती चार रुक्ष प्रश्नांवरून. परवानगी कोण देणार? देण्याआधी लोकांना विचारणार का? अटी मोडल्या तर शिक्षा काय? आणि नियमातून कोणाला वगळायचं? या चारांवर उमेदवार जे बोलला, लिहिलं किंवा जिथे गप्प राहिला, तीच त्याची भूमिका. बाकी वृक्षारोपणाचे फोटो.

सुरुवात खुर्चीपासून करा. नगरसेवकपदाचा उमेदवार 'कार्बन उत्सर्जन घटवू' म्हणतो आणि लोकसभेचा उमेदवार 'कचऱ्याचा डोंगर हटवू' म्हणतो, तेव्हा दोघंही दुसऱ्याच्या अधिकारातलं वचन देत असतात. ओला-सुका कचरा, सांडपाणी, झाडं तोडण्याची परवानगी आणि नाल्यावरची बांधकामं महापालिकेकडे. कारखान्यांची संमतीपत्रं राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, आणि त्या मंडळावर कोण बसणार हे राज्य सरकारकडे. पर्यावरण मंजुरी कशाला लागते, किनाऱ्यापासून किती अंतर सोडायचं, वीजकेंद्राच्या धुरात गंधकाचं प्रमाण किती चालेल, हे केंद्राकडे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वनं आणि वन्यजीव समवर्ती सूचीत आले, म्हणून तिथे दोन्ही सरकारांचा हात असतो. पाणी हा मुळात राज्याचा विषय. त्यामुळेच जलप्रदूषणाच्या बऱ्याच गुन्ह्यांत कैदेऐवजी दंड आणणारी २०२४ ची कायदादुरुस्ती सुरुवातीला हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांनाच लागू झाली. इतर राज्यांना ती हवी असेल तर घटनेच्या कलम २५२ प्रमाणे विधिमंडळाचा ठराव लागतो. आमदारकीच्या उमेदवाराला विचारायला हा फार चांगला प्रश्न आहे: असा ठराव सभागृहात आला तर तुमचं मत काय? बहुतेकांनी या दुरुस्तीचं नाव ऐकलेलं नसतं. तेही एक उत्तरच.

आता मुख्य गोम. पर्यावरणाचे नियम बदलतात ते बहुधा संसदेत नव्हे, राजपत्रात. १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) कायदा म्हणजे नुसता सांगाडा. त्यावरचं मांस म्हणजे अधिसूचना: १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची, म्हणजे ईआयएची, जानेवारी २०१९ ची किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, शिवाय उत्सर्जनाच्या मर्यादा, राखेचे नियम, प्लॅस्टिकचे नियम. केंद्राचं पर्यावरण मंत्रालय मसुदा काढतं, हरकतींसाठी साधारण ६० दिवस देतं आणि मग अंतिम अधिसूचना येते. 'जनहितार्थ' हा शब्द वापरून मसुद्याची पायरी गाळण्याची मुभाही नियमात आहे, आणि ती वापरली जाते. यातल्या कशावरही खासदार मत देत नाहीत. म्हणून 'आमच्या खासदाराने पर्यावरणाच्या बाजूने किती वेळा मतदान केलं' हे शोधायला गेलात तर हात रिकामेच परत येतील. शोधायचं ते वेगळं: त्या ६० दिवसांत या माणसाने लेखी हरकत पाठवली का, आणि पाठवली असेल तर कोणत्या बाजूने? मंत्रालयाला लिहिलेलं पत्र असेल तर उमेदवार त्याची प्रत आनंदाने दाखवतो. नसेल तर 'आम्ही पाठपुरावा करत आहोत' एवढंच ऐकायला मिळतं.

ईआयएचा २०२० चा मसुदा ही यासाठी हाताशी असलेली कसोटी. त्यात जनसुनावणीच्या सूचनेची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणायची होती आणि मंजुरी न घेता सुरू झालेल्या प्रकल्पांना मागाहून मंजुरीची वाट करून द्यायची होती. लाखोंच्या संख्येने हरकती गेल्या आणि मसुदा अंतिम झाला नाही. त्या काळात खासदार, आमदार किंवा पक्षाचा पदाधिकारी असलेल्या उमेदवाराने तेव्हा काय केलं, हे जुन्या बातम्यांत आणि त्याच्याच समाजमाध्यमांवरच्या नोंदींत सापडतं.

मागाहून मंजुरीचा विषय मात्र तिथे थांबला नाही, आणि उमेदवाराला कोपऱ्यात गाठायला याच्याइतका नेमका प्रश्न दुसरा नाही. १४ मार्च २०१७ च्या अधिसूचनेने आणि जुलै २०२१ च्या कार्यालयीन आदेशाने आधी काम, मग मंजुरी ही सोय करून दिली. १६ मे २०२५ रोजी 'वनशक्ती' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने ती बेकायदा ठरवली. १८ नोव्हेंबर २०२५ ला तीन न्यायाधीशांच्या पीठाने २ विरुद्ध १ मताने तो निकाल मागे घेतला. दोन्ही बाजूंना युक्तिवाद आहेत. उभी राहिलेली रुग्णालयं आणि इमारती पाडून जनतेचाच पैसा मातीत घालायचा का, हा एक. आणि दंड भरून काम सुटणार असेल तर आधी मंजुरी घ्यायला जाईल कोण, हा दुसरा. उमेदवाराने कोणतीही बाजू घ्यावी, पण घ्यावी. 'कायद्याच्या चौकटीत राहून' हे उत्तर इथे चालत नाही, कारण वाद त्या चौकटीचाच आहे.

संसदेत खरोखर मतदान होतं तिथेही जपून वाचावं लागतं. २०२३ ची वनसंवर्धन कायद्याची दुरुस्ती लोकसभेत २६ जुलैला आवाजी मतदानाने मंजूर झाली. आवाजी मतदानात कोण 'हो' म्हणालं आणि कोण 'नाही', याची नावनिशीवार नोंद राहत नाही. कोणी मतविभागणी मागितली तरच ती राहते. त्यावर घटनेच्या दहाव्या परिशिष्टाचा, म्हणजे पक्षांतरबंदीचा धाक असतो. पक्षादेश निघाला की सदस्याने विरोधात मत देणं म्हणजे सदस्यत्व पणाला लावणं. तेव्हा मतावरून व्यक्तीची भूमिका कळत नाही, पक्षाची कळते. व्यक्तीची भूमिका समितीत दिसते. हेच विधेयक संयुक्त समितीकडे गेलं होतं. समितीने त्यात एकही बदल सुचवला नाही, पण काही सदस्यांनी भिन्नमताच्या टिप्पण्या जोडल्या. त्या अहवालासोबत छापलेल्या आहेत, नावासकट. समितीत बसून जो गप्प राहिला आणि बाहेर येऊन जंगलावर भाषण ठोकतो, त्याची पारख तिथल्या तिथे होते.

या दुरुस्तीबद्दल विचारायचं असेल तर 'जंगल वाचवणार का' असं विचारू नका. विचारा: सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशाने 'वन' या शब्दाचा कोशातला अर्थ धरून, अधिसूचित नसलेल्या जंगलालाही जे संरक्षण दिलं, ते राहावं की जावं? दुरुस्तीने कायद्याची कक्षा अधिसूचित वनं आणि सरकारी दफ्तरात वन म्हणून नोंदलेल्या जमिनी एवढ्यापुरती आणली. आंतरराष्ट्रीय सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतले सामरिक रेषीय प्रकल्प वगळले. १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने तूर्त जुना, व्यापक अर्थच धरायला सांगितलं. महाराष्ट्रात खासगी वनं, झुडपी जंगल आणि देवराया असलेल्या तालुक्यांत हा पुस्तकी मुद्दा राहत नाही. कोणत्या गट क्रमांकावर झाड तोडायला केंद्राची परवानगी लागेल, हे त्यावर ठरतं.

खासदार-आमदारांनी विचारलेल्या प्रश्नांची संख्या हे आणखी एक फसवं माप. लोकसभेत बैठकीच्या दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात, आणि निवडणुकीच्या काळात 'पर्यावरणावर इतके प्रश्न विचारले' अशी प्रगतिपुस्तकं फिरतात. प्रश्नाचा मजकूर उघडून वाचा. 'जिल्ह्यातल्या औद्योगिक वसाहतीच्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी मानकात बसतं का, गेल्या तीन वर्षांत किती वेळा बसलं नाही, काय कारवाई झाली?' हा एक प्रश्न. 'पर्यावरण मंजुरीअभावी किती प्रकल्प रखडले आहेत आणि विलंब टाळण्यासाठी सरकार काय करणार?' हा दुसरा. मोजणीत दोन्ही 'पर्यावरण' या एकाच खात्यावर जमा होतात, दिशा मात्र उलट. दुसरा प्रश्न गैर आहे असं नाही, पण तो विचारणारा नियम सैल करण्याच्या बाजूला उभा आहे हे त्यातून कळतं. विधानसभेसाठी लक्षवेधी सूचना, औचित्याचे मुद्दे आणि पर्यावरण विभागाच्या मागण्यांवरच्या कपात सूचना पाहा. मंत्री असलेल्यांना हे माप लावू नका. ते प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात, आणि त्यांची उत्तरंच वाचायची असतात.

उमेदवार कधीच सभागृहात गेलेला नसेल तरी त्याची एक नोंद सहसा सापडते: जनसुनावणीतली. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या खाणी, वीजकेंद्रं, सिमेंट आणि रसायनांचे कारखाने, बंदरं यांसाठी प्रदूषण मंडळाला किमान ३० दिवस आधी सूचना देऊन जनसुनावणी घ्यावी लागते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो. चित्रीकरण होतं, उपस्थितांची यादी जोडली जाते, मांडलेले मुद्दे शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवले जातात. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे दहा माणसं आली तरी सुनावणी 'झाली'. इतिवृत्त मंडळाच्या संकेतस्थळावर किंवा केंद्राच्या मंजुऱ्यांच्या 'परिवेश' पोर्टलवर प्रकल्पाच्या कागदांसोबत मिळतं. त्यात उमेदवाराचं नाव शोधा. स्थानिक पुढारी सुनावणीत तीन प्रकारे बोलतात. पहिला रोजगाराची आणि रस्त्याची मागणी करून पाठिंबा देतो. दुसरा भाषणात कडाडून विरोध करतो, पण अहवालातल्या एकाही आकड्याला हात लावत नाही. तिसरा अहवाल वाचून येतो आणि विचारतो की हवेची मोजणी फक्त हिवाळ्यात का केली, विहिरींची यादी कोणत्या वर्षाची आहे, पाणी कुठून उचलणार. हा तिसरा प्रकार विरळा. सापडला तर बाकी कागद थोडे कमी तपासले तरी चालतील.

इथे एक गफलत नेहमी होते. 'या गृहप्रकल्पाची जनसुनावणी घ्यायला लावू' असं वचन शहरी मतदारसंघात सर्रास दिलं जातं. बांधकाम आणि वसाहत प्रकल्पांना, म्हणजे २०,००० चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामांना, पर्यावरण मंजुरी लागते, पण त्याच अधिसूचनेने त्यांना जनसुनावणीतून वगळलेलं आहे. असं वचन देणाऱ्याने एक तर अधिसूचना वाचलेली नाही, किंवा तुम्ही वाचलेली नाही असं तो गृहीत धरतो. त्यापेक्षा त्याला मंजुरीच्या अटींच्या पालनाचे सहामाही अहवाल मागायला सांगा. ते दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचे असतात, आणि ते वेळेवर आले का याचा पाठपुरावा करणारा लोकप्रतिनिधी कुठल्याही भाषणबाजाहून उपयोगी पडतो.

आता भागाप्रमाणे. कोकणात आणि घाटमाथ्यावर पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा प्रश्न विचारल्यावाचून सोडू नका. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. त्यानंतर मसुद्यामागून मसुदे निघाले. सहावा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडच्या दरडीनंतर दुसऱ्याच दिवशी. त्यात सहा राज्यांतलं मिळून सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र, पैकी महाराष्ट्राचं १७,३४०. 'हे झालं तर घराला वीटसुद्धा लावता येणार नाही, शेती बंद होईल' असं प्रचारात सांगितलं जातं. मसुद्यातली बंदी वेगळी आहे: नव्या खाणी, दगडखाणी आणि वाळूउपसा, नवी औष्णिक वीजकेंद्रं, लाल वर्गातले, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणारे नवे उद्योग, २०,००० चौरस मीटर आणि त्यावरची बांधकामं, आणि ५० हेक्टरच्या किंवा दीड लाख चौरस मीटर बांधकामाच्या वसाहती. चालू खाणी अंतिम अधिसूचनेपासून पाच वर्षांत किंवा पट्टा संपेल तेव्हा, यांतलं जे आधी येईल तेव्हा, बंद व्हायच्या. राहतं घर, गोठा, भातशेती, काजूची बाग यांवर यात बंदी नाही. तेव्हा 'आमच्या तालुक्यातली गावं वगळा' असं म्हणणाऱ्या उमेदवाराला पुढचा प्रश्न टाका: कोणती गावं, आणि त्या गावांत बंदीच्या या यादीतलं नेमकं काय चालू आहे किंवा येऊ घातलं आहे? यादीत दगडखाण निघाली की वगळण्यामागचं कारण वेगळं समजावून सांगावं लागत नाही. माळीण (२०१४), तळीये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) ही नावं भाषणात घेणारा उमेदवार डोंगरउतारावरच्या खोदकामाबद्दल काय म्हणतो, हेही सोबतच ऐका.

किनाऱ्यावर हाच खेळ सीआरझेडच्या अंतराचा. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त लोकवस्ती असेल तिथे, भरतीरेषेपासूनचं ना-विकास क्षेत्र ५० मीटरवर आणलं. विरळ वस्तीत ते २०० मीटरच राहिलं. 'कोळीवाड्यांना घरं बांधू देऊ' आणि 'हॉटेलांना किनारा खुला करू' या दोन्ही मागण्या एकाच वाक्यात मांडता येतात, आणि मांडल्या जातात. त्या सुट्या करून विचारा.

कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात विषय पूररेषेचा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठ ते निळी रेषा यात बांधकामाला मनाई, निळी ते लाल यात जोत्याची पातळी आणि इतर अटी पाळून परवानगी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीवर सगळे पक्ष एका सुरात बोलतात. कारण कर्नाटकाला विरोध करायला मतदारसंघात कोणाचीही मतं जात नाहीत. २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने मात्र अलमट्टीला मुख्य दोषी ठरवलं नव्हतं, पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडेही बोट दाखवलं होतं. खरी परीक्षा निळ्या रेषेवर होते. 'पूररेषांचं फेरसर्वेक्षण करू' या वाक्याचा अर्थ शोधा. नव्या पावसाच्या आकड्यांनी रेषा काढली तर ती बाहेर सरकण्याचीच शक्यता जास्त. फेरसर्वेक्षण मागणारा ती आत सरकेल असं मनात धरून असतो का, आणि बाहेर सरकली तर मान्य करील का, हे सभेत थेट विचारा. हवामानबदलावरची खरी भूमिका ती हीच. पॅरिस कराराच्या गप्पांत ती दिसत नाही.

विदर्भात, विशेषतः चंद्रपूरला, गंधकाचा प्रश्न. औष्णिक केंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये ठरली, पालनाला दोन वर्षं दिली. मग मुदत वाढत राहिली. शेवटी ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातल्या तीन-चतुर्थांशाहून अधिक केंद्रांना धूर धुण्याच्या, म्हणजे एफजीडी यंत्रणेच्या सक्तीतून सोडवलं. राजधानी परिसराच्या किंवा दशलक्षी शहरांच्या १० किलोमीटरच्या आतली केंद्रं 'अ' गटात, त्यांना २०२७ च्या अखेरची मुदत. अतिप्रदूषित क्षेत्रांच्या आणि हवेच्या मानकात न बसणाऱ्या शहरांच्या १० किलोमीटरच्या आतली 'ब' गटात, त्यांचा निर्णय प्रकरणागणिक. उरलेल्यांना सूट. सरकारचं म्हणणं, भारतीय कोळशात गंधक कमी असतं, हवेतला सल्फर डायऑक्साइड मर्यादेत आहे आणि यंत्रणेचा खर्च वीजबिलात येतो. विरोधकांचं म्हणणं, हा वायू हवेत सल्फेट होऊन सूक्ष्म कणांत, पीएम २.५ मध्ये भर घालतो, म्हणून नुसता वायू मोजून भागत नाही. चंद्रपूर शहर मानकात न बसणाऱ्या शहरांच्या यादीत असल्याने तिथला निर्णय 'प्रकरणागणिक'. म्हणजे स्थानिक खासदार-आमदाराच्या पत्राला इथे खरोखर वजन आहे. त्याने यंत्रणा बसवा म्हणून लिहिलं, सूट द्या म्हणून लिहिलं, की लिहिलंच नाही? राखेचंही तसंच. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरणीय भरपाई ठेवली आहे. ती कोणत्या केंद्राकडून किती वसूल झाली, हे विचारणारा उमेदवार शोधावा लागतो.

शिक्षेचा मुद्दा थोडा किचकट आहे, आणि दोन्हीकडचे प्रचारक त्याचा अर्धाच भाग सांगतात. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने १९८६ च्या कायद्यातली पाच वर्षांपर्यंतची कैद आणि एक लाखापर्यंतचा दंड काढून त्या जागी १०,००० ते १५ लाख रुपयांचा आर्थिक दंड आणला. 'तुरुंग काढून प्रदूषकांना मोकळं सोडलं' आणि 'दंड पंधरापट केला' ही दोन्ही वाक्यं बरोबरच आहेत. फरक पडला तो दुसरीकडे. आधी न्यायालयात खटला चालवून गुन्हा शाबित करावा लागे, आता केंद्रातला किमान सहसचिव किंवा राज्यातला सचिव दर्जाचा अधिकारी चौकशी करून दंड लावतो, आणि दंड थकवला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. काम झटपट होईल हा फायदा, सरकारचाच अधिकारी सरकारी कंपनीला दंड लावेल का ही शंका. शिवाय १५ लाखांत एखादा छोटा रंगाईचा कारखाना बुडतो, आणि २,९२० मेगावॉटच्या वीजकेंद्राला त्याची किरकोळ खर्चातही गणती करावी लागत नाही. दंड उलाढालीशी जोडावा का, एवढं विचारा. या प्रश्नावर उमेदवाराचं उद्योगांशी असलेलं नातं फार लवकर उघड होतं.

हवामानबदलाबाबत उमेदवार आकडे फेकतात, त्यात दोन जागी हमखास घसरतात. पहिली जागा क्षमता आणि निर्मिती. देशाची निम्मी स्थापित वीजक्षमता बिगर-जीवाश्म झाली हे २०२५ पासून खरं आहे. पण सूर्य रात्री नसतो, त्यामुळे प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत कोळशाचा वाटा २०२४-२५ मध्येही ७० टक्क्यांहून अधिक होता. 'निम्मी वीज हरित झाली' म्हणणाऱ्याने दोन आकड्यांची गल्लत केलेली असते. दुसरी जागा तीव्रता आणि एकूण उत्सर्जन. भारताने २०२२ च्या सुधारित उद्दिष्टांत २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्के कपात कबूल केली, ती जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागच्या उत्सर्जनात. एकूण उत्सर्जन त्या काळात वाढू शकतं, आणि तसं वाढणं उद्दिष्टाच्या विरोधात जात नाही. निव्वळ शून्याचं वर्ष २०७०. 'आम्ही उत्सर्जन ४५ टक्क्यांनी घटवणार' हे म्हणूनच चूक आहे. अशी चूक माफ करता येते, दुरुस्त केल्यावर तीच पुन्हा केली तर नाही.

छतावरच्या सौर पॅनेलचं श्रेयही तपासून घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट आणि पुढे ७८,००० रुपये अनुदान आहे. ते केंद्राचं. उमेदवाराने त्यात काय केलं, तर मंजुरी रखडलेल्या अर्जांसाठी वीज कंपनीकडे खेटे घातले असतील. घातले असतील तर तेवढं श्रेय जरूर द्या.

झाडांबद्दल लांबण लावत नाही. २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत राज्याने अनुक्रमे २, ४, १३ आणि ३३ कोटी झाडांची उद्दिष्टं जाहीर केली होती. त्यामुळे लावलेल्या रोपांचा आकडा प्रचारात कोणालाही परवडतो. विचारायचं ते तीन वर्षांनंतर जगलेल्या झाडांचं प्रमाण, आणि पाणी घालायला पैसा कोणत्या लेखाशीर्षातून येणार हे.

शेवटचा कागद उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र, नमुना २६. मालमत्ता आणि गुन्ह्यांसाठी ते सगळे चाळतात. पर्यावरणासाठी ते वाचायचं वेगळ्या नजरेनं. शेतजमीन आणि बिगरशेती जमिनीपुढे ठिकाण आणि सर्व्हे क्रमांक असतात. ते संवेदनशील क्षेत्राच्या गावयादीवर, पूररेषेच्या आणि किनारा व्यवस्थापनाच्या नकाशावर ठेवून पाहा. भागभांडवल, भागीदारी, व्यवसाय आणि सरकारी कंत्राटं हे रकाने वाचा. खडी क्रशर, वाळू, बांधकाम हे व्यवसाय असणं गुन्हा नाही, पण क्रशरचा मालक दगडखाणीच्या नियमावर बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याला ते माहीत असावं. एक पळवाट ध्यानात ठेवा: प्रतिज्ञापत्रात स्वतः, जोडीदार, अविभक्त कुटुंब आणि अवलंबित एवढेच येतात. कमावता मुलगा आणि भाऊ येत नाहीत. क्रशर बऱ्याचदा त्यांच्याच नावावर असतो, आणि त्यासाठी प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रांची यादी लागते.

ती माहिती अधिकारात मागता येते, मात्र वेळ बघा. अर्जाला १० रुपये, उत्तराला ३० दिवस, आणि महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. २०२४ ची विधानसभा निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली, अर्ज भरण्याची मुदत २९ ऑक्टोबरला संपली आणि मतदान २० नोव्हेंबरला झालं. सगळ्या उमेदवारांची नावं कळल्यावर उरतात २२ दिवस, म्हणजे अर्ज तेव्हा टाकला तर उत्तर निकालानंतर येणार. म्हणून अर्ज उमेदवाराच्या नावाने करू नका, विषयाच्या नावाने आणि दोन-तीन महिने आधी करा: तालुक्यातल्या सर्व क्रशरच्या संमतीपत्रांची यादी, सांडपाणी केंद्राचे गेल्या बारा महिन्यांचे तपासणी अहवाल, मसुद्यावर या जिल्ह्यातून आलेल्या लोकप्रतिनिधींच्या पत्रांच्या प्रती. उमेदवारी जाहीर झाली की त्यात नाव शोधायला अर्धा तास पुरतो.